शाळेत परसबाग सुरू करायची आहे (घणसोली). जागा इमारतीच्या मागे, मुलं ५६. जूनला काय लावू?

सहावी_ब_च्या_बाई

नमस्कार मंडळी. मी घणसोलीत एका अनुदानित मराठी शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. जूनला शाळा उघडली की मुलांना घेऊन परसबाग करायची आहे. शोभेची झाडं नकोत. मुलं पेरतील, सांभाळतील आणि घरी नेऊन खातील असं काहीतरी हवंय. मुख्याध्यापिका बाईंनी "करा, पण त्यासाठी माझ्याकडे पैसे मागू नका" असं म्हणून परवानगी दिली. तेवढीही मिळाली हे पुष्कळ झालं. आमच्याकडे वनमहोत्सवात रोपं लागतात, फोटो निघतात आणि गणपतीपर्यंत नुसत्या काठ्या उरतात. त्यामुळे विषय काढला की स्टाफरूममध्ये सगळे चहात बिस्किट बुडवायला लागतात.

जागा सांगते. मैदानभर पेव्हर ब्लॉक आहेत. उरते ती इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी, साधारण १५ फूट रुंद, ५० फूट लांब. इमारत तळमजला अधिक दोन मजले. पट्टी इमारतीच्या उत्तरेला येते, मोबाइलच्या होकायंत्रावर पाहिलं. सध्या मे महिन्यात तिथे दुपारी चटके बसतात, म्हणून ऊन भरपूर आहे असं धरून चालले आहे. माती म्हणजे मुरूम, विटांचे तुकडे आणि एका कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग. नळ जवळ आहे. फाटकाशी दक्षिणेकडे थोडी मोकळी जागा आहे, पण तिथे स्कूटर लागतात.

शाळा दोन अधिवेशनांत भरते. माझा वर्ग दुपारचा, साडेबारा ते पावणेसहा. हातात आठवड्याला कार्यानुभवाचा एक तास आणि रोजची मधली सुट्टी.

मेथी-कोथिंबीर सोपी असते म्हणतात, जूनला तीच घ्यावी का? मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही काय करता? आणि एका पालकांनी ग्रुपवर आधीच लिहून टाकलंय, "आम्ही मुलांना शेतमजुरी करायला शाळेत पाठवत नाही." त्यांना काय उत्तर देऊ?

सीवूड्सचे_बाबा

ताई, मस्त कल्पना! माझं मत, मागच्या अंधाऱ्या बोळात पडूच नका. सरळ गच्चीवर जा. दिवसभर ऊन, गुरं नाहीत, चोरी नाही. विटांचे कट्टे बांधून फूटभर माती भरून घ्या. नाहीतर प्रत्येक मुलाला एकेक ग्रो बॅग द्या, त्यावर त्याचं नाव लिहा. आपल्या नावाची पाटी असली की मूल जिवापाड जपतं. माझ्या मुलीच्या शाळेत असंच केलंय, एका रांगेत सगळ्या पिशव्या काय सुंदर दिसतात! कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट आणा, पाण्यात टाकली की फुगून मोठं पिंप भरतं. मातीचं ओझंही वाचतं.

कळव्याच्या_बाई_निवृत्त

बाई, तुम्ही दिशा लिहिलीत म्हणून आधी शाबासकी. बहुतेक लोक "काय लावू" एवढंच विचारतात आणि ऊन कुठून येतं त्याचा पत्ता नसतो.

माझी नोकरी कळव्याला कार्यानुभव आणि विज्ञान शिकवण्यात गेली. माझं म्हणणं एकच आहे. शाळेची बाग शाळेच्या वेळापत्रकावर चालते, पीक त्यात बसवून घ्यायचं. शेतकऱ्याला पाऊस बघून पेरता येतं. आपल्याला पावसाबरोबर घटक चाचणी, गणपतीची सुट्टी, सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन आणि वार्षिक परीक्षाही बघावी लागते. तेव्हा आधी बियाण्यांची यादी करू नका. दोन तारखा धरा आणि तिथून उलटं मोजत या. पहिली ऋषिपंचमी, दुसरी भोगी.

ऋषीच्या भाजीत काय पडतं ते आठवा. भेंडी, दोडका, पडवळ, अळू, लाल माठ, अंबाडी, लाल भोपळा, काकडी, चवळीच्या शेंगा, मक्याचं कणीस. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून सगळं परसातलं. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात परसदारी काय निभावतं याची यादी आज्यांनी आधीच करून ठेवली आहे, आपण ती वापरायची. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भेंडी टोकली की पन्नासेक दिवसांत तोडायला येते. दोडका, पडवळ साठीच्या आसपास. गणपती ऑगस्टअखेर असोत की सप्टेंबरच्या मध्यावर, माल हजर असतो. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तोडणी करायची आणि वाटून द्यायची. आमच्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं, ऋषिपंचमी काही सगळ्यांच्या घरी नसायची. भेंडी मात्र सगळ्यांच्या घरी शिजते.

मेथी-कोथिंबीर जूनला अजिबात नको. ठाणे-नवी मुंबईत चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैचा. बारीक बी वाहून जातं, जे उगवतं ते मुळाशी कुजतं, आणि मुलं म्हणतात "आमच्या हाताला येत नाही." मेथी दिवाळीनंतर. तेव्हा ती महिन्याभरात खुडायला येते, मुळा दीड महिन्यात. भोगी १३-१४ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरात पेरलेलं सगळं तोवर हाताशी असतं. वांग्याचं मात्र रोप आधी करावं लागतं. सप्टेंबरअखेर वर्गाच्या खिडकीत एका पसरट कुंडीत बी टाका, दिवाळीच्या सुट्टीआधी रोपं हलवा. वाल टाकायचा मोह होईलच, टाका. तो भोगीला येणार नाही, पोपटीच्या (मडक्यात शेंगा भाजायच्या) दिवसांत येईल. तेही वाया जात नाही.

आता तुमची पट्टी. मे महिन्यातल्या चटक्यांवर भुलू नका. आपण १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्याच दोन टोकांना ते शून्य सावलीचे दिवस येतात, पेपरात फोटो असतात बघा. त्या काळात इमारतीच्या उत्तरेला दुपारी सावलीच पडत नाही. पुढे सूर्य दक्षिणेला सरकतो. तळमजला अधिक दोन मजले म्हणजे पस्तीसेक फूट उंची धरा. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला भर दुपारी सावली बारा फुटांवर गेलेली असेल, आणि तुमची पट्टी आहे पंधराची. डिसेंबरात तीच सावली बत्तीस-तेहतीस फूट, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात. दिवाळीनंतर मागे ऊन मिळणार नाही, नुसता उजेड.

म्हणून पावसाळी पिकं मागच्या पट्टीत, तीही भिंतीकडच्या अर्ध्या भागात. भोगीची पिकं गोण्यांत, फाटकाशी, दक्षिणेला. स्कूटरवाल्या सरांशी आत्तापासून गोड बोलायला लागा. इमारतीलगतच्या ओल्या सावलीत अळू लावून टाका, त्याचं कोणाला काही बघावं लागत नाही. आणि मुलांना एक मीटरची काठी उभी करून दर महिन्याला दुपारी तिची सावली मोजायला लावा. भूगोलाच्या सरांना तयार तास मिळेल, तुम्हाला बागेसाठी आणखी एक माणूस.

वाफा गादीवाफाच हवा, जमिनीपासून फूटभर उंच, नाहीतर जुलैत तळं होईल. रुंदी तीन फुटांच्या वर नेऊ नका. सहावीच्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर तो वाफ्यात पाय देणारच. पन्नास फूट आहे म्हणून पन्नास फूट खणू नका. पहिल्या वर्षी दहा-दहा फुटांचे दोन वाफे आणि भिंतीलगत एक मांडव. बस.

सीवूड्सच्या बाबांना एक सांगते, रागावू नका. नावाची पिशवी दिसायला छान दिसते. पण मूल तापानं आठवडाभर घरी राहिलं की परत आल्यावर सगळ्या वर्गासमोर त्याच्याच नावाचं मेलेलं झाड उभं असतं. टोळ्या करा. सात-सात जणांच्या आठ टोळ्या, एकेका टोळीला वाफ्याचा एकेक तुकडा. एक नसला तर सहा असतात. फक्त कामांकडे नीट लक्ष ठेवा. खणायला मुलगे आणि पाणी घालायला, झाडायला मुली अशी वाटणी कोणी न सांगता होते. ती पहिल्याच आठवड्यात मोडा. कुदळ पाळीनं फिरू दे. आणि स्टाफरूममध्ये निक्षून सांगा, शिक्षा म्हणून कोणालाही बागेत पाठवायचं नाही. एकदा "गृहपाठ नाही केलास? जा, तण उपट" सुरू झालं की बाग संपली.

दुपारचा वर्ग ही तुमची मोठी सोय आहे, कारण दोडका संध्याकाळचा. त्याची पिवळी फुलं पाचच्या सुमारास उमलायला लागतात, म्हणजे तुमची घंटा व्हायच्या आधी. लाल भोपळा, काकडी, कारलं ही सकाळची मंडळी. दुपारच्या मुलांना भोपळ्याचं गळपटलेलं फूलच बघायला मिळतं. दुधी आणि पडवळ दिवस मावळताना उमलतात, तेव्हा शाळेत फक्त वॉचमन. म्हणून मांडवावर दोडकाच चढवा.

आधी नुसती नरफुलं येतील, एका दांड्यावर घोसानं. मुलं हुरळतील, फळ धरणार नाही, त्यांना थांबायला सांगा. आठ-दहा दिवसांनी मादीफूल येतं. ते एकटं असतं आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा, धारांसकट तयार, इवलासा दोडका असतो. पावसाची झड लागली की पतंग-माश्या फिरकत नाहीत. मग तो इवलासा दोडका तीन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो, आणि "बाई, कीड लागली" म्हणून ओरड होते. कीड नसते, परागीभवन झालेलं नसतं. पाच-सव्वापाचला पाऊस उघडलेला बघून एक ताजं नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. बोटाला पिवळी पूड लागली तर काम झालं समजा. त्या फुलाच्या देठाला लोकरीचा रंगीत धागा बांधायचा, टोळीचा रंग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोडका लांबलेला दिसतो. परागीभवनाचा धडा मी फळ्यावरही शिकवलाय. पण धागा बांधलेल्या वेलीशी मधल्या सुट्टीत डबा तसाच टाकून धावणारी मुलं फळ्यामुळे धावत नाहीत.

पालकांचं आणि मे महिन्याचं नंतर लिहिते, नातू आलाय.

गोठिवलीकर

बाईंनी वेळापत्रकाचं बरोबर सांगितलं. मी मातीचं सांगतो.

घणसोली, गोठिवली, तळवली हा आमचा सगळा पट्टा खाडीच्या कडेचा. १९७० ला सिडको आली, त्याआधी इथं भात आणि मिठागरं. खाजणातली शेती कशी असायची, तर बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन खाली जाऊ द्यायचं. घाई केली तर बी जळायचं. आज वर भराव आहे, मुरूम आहे, पण खाली खाडीच आहे. उन्हाळ्यात ओल वर चढते आणि मीठ सोबत घेऊन येते. आत्ता मे महिना आहे, पट्टीत जाऊन बघा. भिंतीच्या कडेला पांढरा फुफाटा धरला असेल तर ते मीठ. मात्र प्लॅस्टरच्या चुन्याचाही असू शकतो, दिसायला सारखाच. चुना-सिमेंटचा राडारोडा असेल तेवढा घमेल्यानं बाहेर काढा, तो पिकाला मिठाइतकाच वाईट.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन वाट्या घ्या. एकीत शाळेची माती, दुसरीत नर्सरीतली लाल माती. दोन्हींत मेथीचे दहा-दहा दाणे, सारखं पाणी. आठवड्याभरात मुलांनाच कळेल. शाळेच्या वाटीत निम्म्याहून कमी उगवले तर ती माती फक्त तळाला घाला, वरचा फूटभर थर बाहेरून आणा.

पैसे नाहीत म्हणता, मग तळ फुकटात भरा. रसवंतीचं उसाचं चिपाड, शहाळेवाल्याच्या सोडण्या, रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाचा पालापाचोळा. गोण्यासुद्धा अशाच, खालचा तिसरा भाग याचा आणि वर माती-शेणखत. तबेले अजून आहेत आमच्याकडं, शेण मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. पण ताजं शेण टाकू नका, उष्णता धरतं. जुनं, काळं पडलेलं, हातात घेतल्यावर वास न येणारं खत मागा. आणि जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत वाफा उघडाच ठेवा, मीठ जाऊ द्या. पेरणी त्यानंतर. आमचे म्हातारे हेच करायचे.

पडवळाचं बी घेणार असाल तर दापोली कृषी विद्यापीठाचं "कोकण श्वेता" मागा, कारल्यात "कोकण तारा". आपल्या हवेतली वाणं आहेत. त्यांचंच खार जमिनीचं संशोधन केंद्र पनवेलला आहे. खाऱ्या जमिनीत तगणारी "पनवेल १, २, ३" ही भातं तिथलीच.

आरसीसी_वाला

गच्चीवर फूटभर मातीचे कट्टे बांधा असं वर वाचलं आणि राहवलं नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ज्या गच्चीवर माणसं जातात ती साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. पाण्यानं भिजलेली माती घनमीटरला १७०० ते १८०० किलो भरते. फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर. त्यात कट्ट्याच्या विटा वेगळ्या, आणि गच्चीच्या उतारावरून पावसाचं पाणी जायची वाट बंद झाली की तुंबलेलं पाणी वेगळं. खाली वर्गात मुलं बसतात. जुन्या इमारतीत तर स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याशिवाय हा विषय काढूच नये.

कोकोपीट हलकं हे फक्त कोरडं असताना. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. शिवाय वीट फुगवल्यावर पहिलं पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात.

तुम्ही जमिनीवरच राहा. इमारतीला चिकटून मात्र वाफा करू नका, प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून, दोन-अडीच फूट मोकळं ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी वर्गाच्या भिंतीला ओल येईल आणि दोष बागेला लागेल.

सीवूड्सचे_बाबा

कट्ट्यांचं मागे घेतो. पिशव्यांचं नाही घेत, पण टोळीचा मुद्दा पटला. एका पिशवीवर सात नावं लिहिता येतील की.

मानपाडा_ठाणे

येऊरच्या पायथ्याशी एका शाळेच्या इको क्लबला मदत करते. कीड-किडा खातं माझ्याकडे, म्हणून तेवढंच लिहिते.

पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाय येणार. येईल का, हा प्रश्नच नाही. तपकिरी पट्ट्यांचा मोठा शंख, रात्री निघते, कोवळी रोपं बुंध्यापासून साफ करते. तुमचा वर्ग दुपारचा, म्हणजे तुम्हाला गोगलगाय दिसणारच नाही, नुसती गायब झालेली भेंडी दिसेल. सकाळच्या अधिवेशनातल्या एखाद्या वर्गाला भागीदार करून घ्या. संध्याकाळी जाताना ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरायचं, खाली पपईची सालं किंवा कोबीची पानं. सकाळी उचललं की त्याखाली सगळी बैठक भरलेली असते. चिमट्यानं उचलून मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ वाफ्यात मुळीच नको, गोठिवलीकरांनी सांगितलंय ते लक्षात ठेवा. उघड्या हातानं मुलांना हात लावू देऊ नका. या गोगलगायीत माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा एक परजीवी कृमी असू शकतो. पालेभाजी घरी नेताना "नीट धुऊनच" असं प्रत्येकाला बजावायचं, हात साबणानं धुवायचे. हे मोठ्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या हाताखालीच करा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली तर तो केवडा, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. औषध शोधत बसू नका, रोप उपटून टाका. मुलांना जड जातं, पण बाकीची वाचतात. मावा असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांडी घासायचं साबणपाणी, फवारणी उतरत्या उन्हात.

पिंपाला झाकण आणि कुंड्यांखाली बशा नकोत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला तयार होतो. महापालिकेची माणसं तपासणीला आली आणि अळ्या सापडल्या तर बाग तिथेच बंद होईल, मुख्याध्यापिकांना निमित्तच मिळेल.

सहावी_ब_च्या_बाई

तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंत! आज शाळेत निकालाच्या कामाला गेले होते, तेव्हा पट्टीत जाऊन आले. भिंतीच्या कडेला पांढरं आहे. चाखून बघावं का असा विचार आला, पण शिपाईकाका बघत होते. मेथीच्या दोन वाट्या घरीच लावल्या आहेत.

सावलीचं गणित नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला बरोबर आहे. म्हणजे मी दिवाळीनंतर तिथे टोमॅटो लावणार होते ते बारगळलं. स्कूटरवाले सर आमच्याच मजल्यावरचे निघाले, मराठीचे. त्यांना भोगीच्या वांग्यांचं आमिष दाखवलंय.

पालकांचं आणि सुट्टीचं राहिलंय ते सांगा, कळव्याच्या बाई. आणि दोडक्याचं बी किती आणू?

कळव्याच्या_बाई_निवृत्त

पालकांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे एकाला उत्तर दिलं की दहा जण जागे होतात. जूनच्या पहिल्या पालक सभेत पाच मिनिटं मागून घ्या आणि नेमकं सांगा: आठवड्याला एक तास, तोही कार्यानुभवाचा, म्हणजे वेळापत्रकात आधीपासून असलेला. खुरपी शाळेची, मोजून दिली जातील, मोजून परत घेतली जातील. पायात बूट. हात धुतल्याशिवाय वर्गात प्रवेश नाही. ज्याला दमा किंवा मातीची ॲलर्जी आहे त्याच्याकडे नोंदवही, तो पाऊस आणि सावली मोजेल. ते गृहस्थ "शेतमजुरी" म्हणाले त्यावर वाद घालू नका. सभा संपल्यावर त्यांना बाजूला घ्या आणि विचारा, गावी शेती आहे का. नवी मुंबईत राहणाऱ्यांत सातारा, जुन्नर, खेड, कोकण यांपैकी काही ना काही निघतंच. शेतीतून सुटून जे इथे आले त्यांना मुलाच्या हातात खुरपं बघून काय वाटतं ते समजून घ्या, त्यात चूक काही नाही. असे लोक पुढे मांडव बांधायला येतात. बांबूची गाठ कशी मारायची ते तुम्हा-आम्हाला येत नाही, त्यांना येतं.

भाजी खिचडीत घालायची कल्पना कोणी काढेल. शहरात बऱ्याच शाळांत शालेय पोषण आहार बाहेर शिजून येतो, तिथे तुमची दोन जुड्या माठ कोण घालणार! घरी देऊ द्या. वाटणी करताना टोळीनं चिठ्ठ्या टाकायच्या, शिक्षकांनी एक भेंडीही न्यायची नाही. हे तुम्हाला हसू येण्यासारखं वाटेल, पण स्टाफरूम फार लवकर भाजीवाल्याकडे जायचं बंद करते. मराठीच्या सरांना वांगं कबूल केलंत तेवढं द्या, अपवाद म्हणून.

मे महिन्याचं उत्तर म्हणजे मे महिन्यात बाग ठेवायचीच नाही. फेब्रुवारीअखेर शेवटची तोडणी. मार्चमध्ये परीक्षेची गडबड सुरू व्हायच्या आत रोपं उपटून तिथेच आडवी करा, वर पालापाचोळ्याचा वीतभर थर द्या आणि दगड ठेवून झाकून टाका. पाऊस येईपर्यंत खाली निम्मं खत झालेलं असतं. ऊन थेट मातीवर पडत नाही म्हणून मीठही कमी वर येतं, गोठिवलीकर यावर जास्त सांगतील. वर्षभर हिरवं काही दिसलं पाहिजे असा मुख्याध्यापिकांचा हट्ट असेल तर फाटकाशी कढीपत्ता आणि एक शेवगा. ते सुट्टीत कोणी बघितलं नाही तरी रागावत नाहीत. शिपाईकाकांच्या भरवशावर पालेभाजी ठेवू नका. त्यांना सुट्टीत गावी जाऊ द्या.

दोडक्याचं एक छोटं पाकीट पुरे. भिंतीलगत चार आळी करा, दोन आळ्यांत चार-पाच फूट अंतर. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि आळ्यात तीन-तीन टोका. उगवल्यावर जोमदार दोन ठेवा, तिसरं काढा. कोणतं काढायचं ते मुलांना ठरवू द्या, अर्धा तास भांडतील. मांडवाचे बांबू मात्र बी टोकायच्या आधी रोवून घ्या. वेल वर आल्यावर खड्डे खणायला गेलात तर मुळं तुटतात, आणि जुलैच्या वाऱ्यात सुतळीचा मांडव टिकत नाही. आडव्या ओळींना तार वापरा.